सरळ न केलेले ठोके

३ मे, बुधवार
डॉक्टर ओलेनडॉर्फबाईंनी शेवटी सांगून टाकलं — हृदय ठणठणीत, मध्येच एखादा ठोका गाळतं इतकंच. "कॉफी कमी करा, भरपूर जगाल." सुटले! घरी येताच स्टेथोस्कोपच्या नळीत माइक खुपसला आणि वीस मिनिटं ठोके रेकॉर्ड केले. या लंगड्या चालीवर कोणी नाचेल? नाचलंच पाहिजे! २१ तारखेला, रविवारी दुपारी, कालव्याकाठच्या बागेत मी डीजे असते, तिथेच हे वाजवायचं ठरवून टाकलं.

६ मे
थोर्बेनला ठोके पाठवले. शाळेपासूनचा मित्र. त्याच्यासारखा रिमिक्स अख्ख्या बर्लिनमध्ये कोणी करत नाही — हे त्याला कधीच सांगणार नाही.

९ मे
गाढव! सगळे ठोके कॉम्प्युटरवर ओढून ओढून रांगेत बसवले! वर फोनवर ऐट — "किती वाकडे होते गं, विब्के! दोन तास सरळ करत बसलो. आभार मान."
"अरे, वाकडेच हवेत! तोच तर माझा आजार आहे!"
"मग आधी सांगायचं ना. मी काहीही आलं की आधी सरळ करतो, ऐकतो नंतर."
वीस वर्षांची खोड. चीजकेक खाल्ला, तेव्हा राग गेला.

१४ मे
नवा रिमिक्स आला. माझे ठोके जसेच्या तसे! स्वयंपाकघरात एकटीच नाचले. खालच्या क्राउझेबाईंनी छताला झाडू ठोकला.

१७ मे
थोर्बेनचं नवं खूळ — माझ्या ठोक्यांखाली त्याचे ठोके. "माझं हृदय म्हणजे घड्याळ. तू अडखळ, मी सांभाळतो." डोळ्यांत पाणी आलं, कबूल. माइक, केबल, सगळं नेऊन दिलं.

२१ मे, रविवार
नाचले! आधी सगळे बुचकळ्यात — पाय टाकावा की थांबावा? मग एका म्हातारबाईंनी गळलेल्या ठोक्याच्या जागी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी बाग टाळ्या वाजवू लागली. माझ्या आजारावर दोनशे माणसं! इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. थोर्बेन मात्र लवकरच बाकावर जाऊन बसला. "वय झालं," म्हणाला.

२२ मे
रेकॉर्ड काढायची म्हणून थोर्बेनच्या फाइली उघडल्या. त्याच्या ठोक्यांची काल वाजली ती फाइल सरळ केलेली. शेजारी मूळची, जशी रेकॉर्ड झाली तशी; ती ऐकण्याआधीच त्याने सवयीने सरळ करून टाकली होती. ती लावली.
माझं हृदय एक ठोका गाळतं. त्याचं तीन सेकंद थांबतं. पुन्हा थांबतं.
फोन केला. "केबल ढिली असेल गं!" हसत होता.
"त्याच केबलवर माझे नीट आले. कोट घाल, आत्ताच्या आत्ता ओलेनडॉर्फबाईंकडे जायचंय."
टॅक्सीत लिहितेय. त्याला घ्यायला निघालेय.