माझ्या भजनातली खरखर

३ ऑगस्ट, रविवार
भजनी मंडळात रंभाबाईंनी जाहीर केलं : श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मुख्य आवाज कुणाचा, ते रेकॉर्डिंग ऐकून ठरणार. "समोर गायलं की तोंड बघून मत देता तुमी," म्हणाल्या. शेजारच्या सुकन्यानं लगेच फोनवर आपलं ऐकवलं. सगळ्यांच्या माना डोलल्या. मला हेवा वगैरे नाही. देवाच्या कामात तसलं नसतं. पण एवढा महागाचा फोन असल्यावर आवाज गोड येणारच.

५ ऑगस्ट
माझं भजन लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. जुना आहे, ह्यांनी त्यातलं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स घातलंय. वाजवलं तर "सिद्धरामा"चं "सिद्... खर्र... मा". दृष्ट लागली. कुणाची ते लिहीत नाही. सकाळी सुकन्या विरजण मागायला आली होती.

६ ऑगस्ट
मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. स्पीकरला अंगारा लावला. खरखर आहेच. संध्याकाळी ह्यांनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाईप करून साउंड रीस्टार्ट केला. मी शेजारी जप करत होते. दोन ओळी स्वच्छ, मग खर्र. कुकरची शिट्टी झाली म्हणून जप थांबवला, तेव्हाच.
संकल्प : उद्यापासून स्वतः बघणार. दहावीला सायन्समध्ये एकसष्ट होते.

८ ऑगस्ट
नेटवर वाचून साउंडचा ड्रायव्हर काढून परत घातला. आता आवाजच येत नाही. निदान खरखर गेली.
हे ताट घेऊन लॅपटॉपसमोरच जेवायला बसले.

१० ऑगस्ट
ह्यांच्या चिंचोळीच्या कारखान्याला सुट्टी. दिवसभर बसून आवाज परत आणला. खरखरीसकट. उद्या मंडळ आमच्याकडं. पलीकडं सुकन्याचा रियाज चालू. मुद्दाम खिडकी उघडी ठेवून.

११ ऑगस्ट, सोमवार
मंडळापुढं माझं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच ओळीला खर्र. मी सगळ्यांना सांगितलं, दोष मशीनचा आहे, गळ्याचा नाही. सुकन्या पुढं सरसावली. "वैनी, हितं पॉवर सेव्हर चालू हाय की! त्यानंच आवाज तुटतोय."
तो मीच लावला होता. वीज वाचावी म्हणून.
तिनं एक बटण दाबलं. माझं अख्खं भजन स्वच्छ वाजलं. शेवटपर्यंत. एकीचीही मान हलली नाही. रंभाबाई म्हणाल्या, "मगाशी तुटत हुतं तेच बरं हुतं की गं."
मुख्य आवाज सुकन्या. मला टाळ.

१२ ऑगस्ट
पॉवर सेव्हर परत लावला. वीज काही फुकट येत नाही. मग भजन एकदा शांतपणे ऐकलं. जिथं तुटतं, नेमके तिथलेच सूर फार चांगले लागले होते.