शेवटचा पेशंट होईपर्यंत

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

पोचले एकदाची. पवनानगरच्या काठावर तेजल निळ्या रेनकोटात उभी राहून सूचना देत होती, जशी काही मी सहलीला निघालेली शाळकरी पोर. स्वतः नर्स झाली माझ्याच हाताखाली शिकून, आणि आता मला सांगते, आई, पाणी उकळून पी.

छत्तीस वर्षं नोकरी केल्यावर घरात बसून मालिका बघणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. वराळ्याच्या आमच्या विहारातून ‘मेत्ता आरोग्य सेवा’ चालते. डोंगरात, आडगावात जाऊन आठवडाभर राहायचं, तपासायचं, औषध द्यायचं. यंदा उंबरवाडीला जायला कुणी तयार होईना, मी हात वर केला.

उंबरवाडी म्हणजे धरणाच्या पाण्यातली टेकडी. उन्हाळ्यात चिखलातून चालत येता येतं, पावसाळ्यात मात्र चारी बाजूंनी पाणी आणि श्रीपतीची एकच होडी. जुनं गाव खाली बुडालं. वरच्या वाडीत आता एकतीस माणसं. माझा मुक्काम समाजमंदिरात आहे. छप्पर गळत नाही, चूल पेटते, आणखी काय पाहिजे.

जेवण कस्तुराबाईंकडे. सत्तरीच्या आहेत, पण आवाज खणखणीत. ताटं मांडून त्यांनी अंगणात हाक दिली, चौघंजण या जेवायला. होतोच आम्ही चौघं: त्या, त्यांची सून कोमल, श्रीपती आणि मी. मला हसू आलं. कोमल म्हणाली, हितं असंच असतं, कुणालाबी बोलवायचं तर आकडा सांगून.

कोमलला नववा लागलाय. नवरा खंडाळ्याला हॉटेलात कामाला. बीपी १३०/९०, पायावर थोडी सूज. बाळाचे ठोके १४२, अगदी ठणठणीत. पोरगी गोड आहे, मला आवडली.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी वंदना घेतली आणि होडी लागते तिथल्या झाडाला फळा टांगला. ‘सर्वांची मोफत तपासणी. शेवटचा पेशंट होईपर्यंत शिबिर बंद होणार नाही.’ आमच्या सेवेचा हा नियमच आहे. कोमलनं पाण्याकडे तोंड करून तो मोठ्यानं वाचून दाखवला. एकदम शाळेत वाचतात तसा.

कस्तुराबाई पळत आल्या. म्हणाल्या, बाई, पुसा ते, एकतीस लिवा. सगळ्यास्नी बोलवू नका, खालीबी ऐकू जातं.

माझा पारा चढला. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा भुतंखेतंही घराबाहेर काढली. चांगली दहा मिनिटं सुनावलं त्यांना. आमच्या प्रार्थनेत कुणालाच वगळत नाहीत, म्हटलं, मग औषधात कशी वगळू? डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, जरा जास्तच बोलले मी.

एकतीसच्या एकतीस तपासून झाले. सांधेदुखी, खरूज, एक मधुमेह. कोमल १४०/९६, ठोके १४४.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज धुकं एवढं की होडी दिसेना. दुपारी दोन नवीन पेशंट आले. एक म्हातारा मुंडासं बांधलेला, एक बाई नऊवारीत, दोघंही नखशिखान्त भिजलेले. कुठल्या घरातले विचारलं तर उताराकडे हात केला. जुलाब आणि तहान, दोघांचंही तेच. थर्मामीटर लावला, पारा हललाच नाही. तुटला असेल. बाईच्या हाताची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. मीठ-साखरेचं पाणी दिलं. दोघांनी घटाघटा प्यायलं, हात जोडले आणि खाली निघून गेले.

एकतीस तर काल झाले होते. मग हे कोण?

कोमल १५०/१००. पाठवायला पाहिजे हिला. पण संध्याकाळी वारा सुटला, वाऱ्यात होडी निघत नाही म्हणतो श्रीपती.

९ ऑगस्ट, शनिवार

एकोणीस आले. सगळे ओले, सगळ्यांना जुलाब. मुलं जास्त. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून टोकनं केली, कालचे दोन धरून आकडा तीनपासून, रांग शिस्तीत राहते. नाडी एकाचीही लागली नाही. मी छत्तीस वर्षं नाडी बघत आलेय.

घाबरले आहे. लिहून टाकते म्हणजे बरं वाटेल. नवीन थर्मामीटर काढला, तोही हलत नाही.

पाणी पाजलं की जातात. परत येत नाहीत. त्रास असा काही देत नाहीत.

१० ऑगस्ट, रविवार

टोकन ८५ पर्यंत. मी फळा पुसला. कस्तुराबाई म्हणाल्या, बोललेलं पुसत न्हाई.

मग सांगितलं त्यांनी, चुलीपाशी बसून. त्यांच्या आजेसासूच्या काळात खालच्या गावात पटकीची साथ आली. वैद्य आणायला माणूस गेला, तो काही आला नाही. पाणी पाणी करत दोनशे सात माणसं गेली. ओढ्याच्या काठाला पुरली. पुढं धरणाचं पाणी चढलं. तवापासनं आमी कुणालाबी मोजूनच बोलावतो, म्हणाल्या. सगळे या म्हटलं की त्यास्नी वाटतं, वैद्य आला.

हे मी मानत नाही. मानत नाही, आणि पंच्याऐंशीचा आकडा माझ्याच हातानं लिहिला आहे.

पण तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही असं मला कुणी शिकवलं नाही. आज एक चार वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर बसून प्यायली. साडी अजून ओली आहे, वाळतच नाही.

१६०/१०४. कोमलचं डोकं दुखतंय.

११ ऑगस्ट, सोमवार

वारा पडला. कोमलला घेऊन होडीकडे निघाले. झटका आला तर सांभाळायला मीच पाहिजे बरोबर. मी उठले तशी रांग उठली. माझ्यामागून खाली आली. मी होडीत पाय ठेवला, तेही चढू लागले. होडी काठोकाठ खाली गेली. श्रीपती तिकडे बघतच नव्हता, नुसता वल्हं घट्ट धरून बसला होता.

मी परत येऊन टेबलाशी बसले. तेही बसले.

म्हणजे मला जाता येणार नाही. दिलेला शब्द पुरा होईपर्यंत.

माथ्यावरच्या कातळावर रेंज येते. तिथपर्यंतही मागून पावलं. तेजलला फोन लावला. म्हटलं, उद्या सकाळी ये, पेशंट घेऊन जा, ॲम्ब्युलन्स काठावर ठेव. ती म्हणाली, आई, तू रडतेयस का. नाही म्हटलं.

साखर संपत आली. कस्तुराबाईंनी घरातली सगळी आणून दिली. टोकन १५५.

राहिले बावन्न. बावन्नच. उद्या संपतील. मग मी मोकळी.

१२ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी

तेजल आली. निळा रेनकोट. तिला रांग दिसत नाही. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, अंग गार पडलंय तुझं, तूही चल. म्हटलं, शेवटचा पेशंट होऊ दे, संध्याकाळच्या फेरीला येते. चिडली. मग कोमलचं बीपी बघितलं, १७०/११०, आणि तिची पिशवी उचलली.

ठोके १३८. मी स्वतः ऐकले.

कोमलनं माझा हात सोडला नाही. सिस्टर, तुमी येनार म्हनला व्हता, म्हणाली. म्हटलं, ही माझीच लेक आहे, माझ्यापेक्षा हुशार. तिला होडीत बसवलं. तिघंजण. मी मोठ्यानं म्हटलं, तिघंजण जा. मोजून म्हटलं मी, पाण्याला ऐकू जाईल असं.

धुक्यात शिरेपर्यंत निळा रंग दिसत होता.

दुपारी

१८० — लवकर लवकर पाजतेय. हात भरून आला. वारा सुटलाय.

ॲम्ब्युलन्स निघाली असेल. कातळावर जाऊन फोन करायचा, पण उठले की तेही —

१९८

कस्तुराबाई काठावर गेल्या बघायला. आल्या नाहीत अजून.

२०५

२०६

२०७. एक म्हातारी. पाणी प्याली. माझ्या डोक्यावर हात ठेवला. गेली. रांग नाही. अंगणात कुणी नाही. झालं. शेवटचा पेशंट झाला. शब्द पुरा केला मी. पिशवी भरते, होडी येईलच आता —

पायरीवर कुणीतरी —

कोमल आहे. परत का आली? ओली आहे. टोकन मागते. मी म्हटलं, संपले, दोनशे सातच होते. ती उभीच. पोटावर हात. म्हणते, सिस्टर, ठोके बघा. लय तहान लागलीय.

नाडी —

नाही.

फळा मी पुसला होता. पुसला होता मी.

कस्तुराबाई काठावर ओरडून रडतायत. ऐकू येतंय.

२०८ लिहिलं. पाणी दिलं. हात थांबत नाही.

तिच्यामागे श्रीपती. मान खाली.

त्याच्यामागे अजून एक आहे. धुक्यात नीट दिसत नाही. नको. दोनशे सात होते. मी मोजले होते. तिघंजण म्हटलं होतं मी, मोठ्यानं म्हटलं होतं —

निळा आहे. रेनकोट निळा आहे.

मी टोकन देणार नाही. ती मागणार नाही, ती मला रागावेल, आई पाणी उकळून — मी वर बघणार नाही. ग्लास भरलाय, मी वर —