गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला फोटो लागतो. आवाजाला मात्र काही लागत नाही. मध्यंतरी गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो आणि तुम्ही पाठीमागून बोललात असंच वाटलं, "मालूम नाही त बदलून कावून राहिला बे?"

बिघाड ठाऊक नसताना सामान कशाला बदलतोस, हे तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात ते मी गॅरेजात नोकरीला लागलो तेव्हा. रेल्वेच्या शेडमधली ड्युटी संपवून तुम्ही सायकलवर आला होतात, डिझेलचा वास तुमच्याआधी आत शिरला होता. मी एका जीपच्या मागे लागलेलो. आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग पॉइंट, जीप काही चालू होईना. तुम्ही पान्याला हातसुद्धा लावला नाही. एका पोराला स्टार्टर मारायला लावलं, लांब सळई इंजिनवर टेकवली, दुसरं टोक माझ्या कानाशी धरलं. "काय ऐकून राहिला?" मी म्हणालो, खडखड. "खडखड त बहिऱ्यालेबी ऐकू येते. कोठून येऊन राहिली, ते सांग." मी उगाच एकीकडे बोट दाखवलं. सगळ्या पोरांसमोर तुम्ही म्हणालात, "अंदाजानं सामान बदलाचं असन त दुकान टाक. दुकानदाराले हे जमते." मी चिडलो आणि चारपाच वर्षांनी खरंच खुर्सीपार वस्तीत स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. उद्घाटनाला तुम्ही आलात, पेढा खाल्लात, भिंतभर रचलेली खोकी पाहिलीत आणि चपला घातल्यात. काउंटरच्या आत मात्र कधी बसला नाहीत.

दुकान चाललं, बाबा. चांगलं चाललं. लोकांना वाटतं, माल चांगला म्हणून. खरं म्हणजे माझे कान चांगले. गिऱ्हाईक फोनवर नुसता गाडीचा आवाज ऐकवतो आणि मी बेअरिंगचं खोकं काढून ठेवतो. पण घरच्या गाडीनं मला लाचार केलं, कारण तिचा बिघाड आवाजच करत नव्हता. सकाळी झकास चालायची. दुपारी उन्हात गरम झाली की रस्त्यातच बंद पडायची, आणि जरा निवली की चालू. मेकॅनिकनं आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप. दोन्ही माझ्याच दुकानातून गेले, आणि काउंटरवर उभा राहून मीच ते काढून दिले.

एरवी मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पण सून गरोदर होती, शेवटचे दिवस, आणि तिचं बीपी वर चढत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की त्रास सुरू झाला की वाटेत वेळ घालवू नका. पोराची प्लांटमध्ये शिफ्ट. तो म्हणाला, "बाबा, इस डब्बे का भरोसा छोड़ो, टॅक्सी बोलवा." सून इकडचीच, छत्तीसगढी घरातली, मला पापाजी म्हणते. ती हसून म्हणाली, "पापाजी ले जाएँगे मुझे. बस गाड़ी बीच में रुकनी नहीं चाहिए." ती हसली, पण आदल्याच आठवड्यात भर उन्हात ती त्याच गाडीत बसलेली असताना गाडी बंद पडली होती आणि तिनं सीटचा काठ किती घट्ट धरला होता, ते मी पाहिलं होतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली होती. स्टार्टर मारत होतो, इंजिन फिरत होतं, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता. म्हणजे इंजिन फिरतंय ही खबरच गाडीच्या कॉम्प्युटरला पोहोचत नव्हती. ती खबर देतो अंगठ्याएवढा एक तुकडा, क्रँक सेन्सर. खबर नाही तर ठिणगी नाही, पेट्रोल नाही. नवा सेन्सर माझ्या दुकानात होता. दोन मिनिटांत आणून लावला असता. पण लावला आणि दोष दुसरीकडेच निघाला तर? ते कळणार कुठं, दवाखान्याच्या वाटेवर?

म्हणून रविवारी अंगणात गाडीखाली शिरलो. वायर हलवून पाहिली, जोड उघडून पुसला, तिथं दोष नव्हता. सेन्सर काढला. टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला, तोही पुसला. मीटर लावला तर आकडा बरोबर. थंड असताना तो खरंच बोलणार, हे उघड होतं. मग स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी उकळलं, त्यात स्टीलचा डबा ठेवला, डब्यात सेन्सर, तारा बाहेर मीटरला. तुमची सून, म्हणजे माझी बायको, पाहत राहिली. "अहो, त्या गंजात मी दूध तापवतो! तुमी इंजन शिजवून राहिले त्याच्यात?" मी म्हटलं, थांब थोडी. तीही पदरानं घाम पुसत माझ्या शेजारी उभी राहिली. आकडा हळूहळू चढत गेला, आणि मग एकदम मीटर कोरा. डबा बाहेर काढला, निवू दिला, आकडा परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा कोरा. नवा सेन्सरही त्याच डब्यात तापवला, तो शेवटपर्यंत टिकला. ही म्हणाली, "म्हणजे सापडला?" बाबा, त्या क्षणी मी वळून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

नवा लावला. भर दुपारी एसी लावून पार बोरसीपर्यंत गेलो, गर्दीत मुद्दाम रखडलो, गरम इंजिन बंद करून पुन्हा पुन्हा चालू केलं. एकदाही अडलं नाही. घरी येऊन सुनेला छातीठोक सांगितलं, "बेटा, अब नहीं रुकेगी."

आणि वेळ आली तीही दुपारचीच. पोरगा ड्युटीवर, मागे सून, तिचा हात धरून ही. वाटेत सून कण्हत होती, ही तिला काही सांगत होती. मला त्यातला एक शब्द आठवत नाही, मी इंजिन ऐकत होतो. पोहोचलो. स्ट्रेचर आलं, दोघी आत गेल्या. नात झाली, बाबा. मायलेकी सुखरूप आहेत.

मी आत उशिरा पोहोचलो, त्यावरून घरात अजून चेष्टा चालते. पार्किंग मिळालं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. पार्किंग रिकामं होतं. गार्ड तीनदा येऊन म्हणाला, "काका, गाड़ी बंद करो ना." मी हो हो म्हणत राहिलो. आत काही कमीजास्त झालं, मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले, आणि गाडी चालूच झाली नाही तर? एवढं तपासूनही चावी फिरवून इंजिन बंद करायची माझी हिंमत झाली नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार! पण घरात हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.