परीक्षेला न येणारं उदाहरण

सर, आज धाराशिवच्या बसस्थानकावर माझ्यावर घोर अन्याय झाला. चहावाल्यानं कागदी कपात चहा दिला. कप अंगठ्याएवढा, धरायला जागा नाही, बोटं पोळली आणि बूड भिजून निम्मा चहा शर्टावर. "काचेचा ग्लास न्हाय का?" विचारलं, तर म्हणाला, "कोण इसळत बसणार, साहेब? प्या आन् फेका." वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून पोट भरणारा माणूस मी, पण उरलेला चहा प्यालो आणि कप फेकला.

शाळेत तुम्ही एक अख्खा तास एकाच इंग्रजी क्रियापदावर घेतला होता. टेक. फळ्यावर उभी रांग: टेक अ सीट, टेक टी, टेक मेडिसिन, टेक लीव्ह. "जिथं ठेवाल तिथलं होऊन राहतं," तुम्ही म्हणालात. मला शब्दकोशात आणखी एक सापडलं होतं. मी उभा राहिलो, "सर, टेक ऑफेन्स?" तुमचा हात फळ्यावर थांबला. "अपमान वाटून घेणं. बस खाली. ते परीक्षेला येत नाही."

रविवारी तुम्ही मला घरी बोलवून फुकट शिकवायचात. "बौद्ध वस्तीतला आहे, पण इंग्रजी बघा पोराचं," असं पाहुण्यांना सांगायचात. वर्गात मी पहिल्या बाकावर, तुमच्या घरी ओसरीच्या पायरीवर. काकू चहा आणायच्या. तुम्हाला कपबशी, मला कोनाड्यातला जर्मनचा पेला. पिऊन झाला की मीच तो अंगणातल्या नळावर विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. "टेक टी," तुम्ही हसून म्हणायचात. पेल्याकडं कधी पाहिलं नाहीत. इतकं नीट न पाहणं सरावाशिवाय जमत नाही, सर.

घरी आई विचारायची, "चहा दिला का रं सरांनी?"

"व्हय. लई गोड."

तुम्ही शिकवलंत त्याच्यावरच आजवर जेवतोय, त्यामुळं धड शिव्याही देता येत नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी आलो नाही. आता काकूंचा फोन आला, "एकदा तोंड दाखवून जा, पोरा," म्हणून त्या डागाळलेल्या शर्टात आपल्या बेंबळीची गाडी धरली.

"किती वाळलास रे! वर ये, खुर्चीत बस," काकू म्हणाल्या. कोनाड्यात आता वायफायचा डबा लुकलुकतो. चहा कपबशीतून आला. संपला आणि माझा हात आपसूक कप घेऊन उठला. कुणाकडंही गेलो तरी उठतो. बायको चारचौघांत कौतुकानं सांगते, "आमचे हे लई शिस्तीचे." तिला मी पेल्याचं कधी सांगितलं नाही.

काकूंनी हात पाहिला. "राहू दे," म्हणाल्या नाहीत. नजर वायफायकडं नेली. मी कप उष्टा तसाच त्यांच्यापुढं ठेवला.

"येतो काकू."

त्यांनी कप उचलला आणि गुडघ्यावर हात रेटत नळाकडं निघाल्या.

हे तुम्हाला पोचवणारं कुणी नाही, म्हणूनच लिहितोय. फाटकाशी आलो तेव्हा मागं नळ सुटल्याचा आवाज आला. गाडीची वेळ झाली होती. तरी मी पाणी बंद होईपर्यंत तिथंच उभा राहिलो, सर. ऐकायला बरं वाटत होतं.