चौदावं मिनिट

८ ऑक्टोबर २००६, रविवार

हात लावू नका म्हणे! माझ्या आईला!

कॉलेज रोडच्या त्या मोठ्या शोरूममध्ये आईला फ्रीज बघायला घेऊन गेले होते. दसऱ्याला मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू चांगला गेला. मोगऱ्याच्या कळ्या रात्रभर ताज्या राहाव्यात म्हणून तिला स्वतःच्या कमाईतून फ्रीज घ्यायचाय. पासष्टीची बाई पहिल्यांदा स्वतःसाठी काही घ्यायला निघाली. आणि तो सेल्समन — छातीवर गोरक्ष नावाची पट्टी — म्हणतो काय, "मावशी, दाराला हात लावू नका, डाग पडतील. तुम्ही तिकडे बसा." झेंडू खुडून खुडून आईची बोटं काळीहिरवी झालीयेत, ती दिसली त्याला. नऊवारी दिसली. माणूस नाही दिसलं.

मी तेव्हा पलीकडच्या रांगेत भाव बघत होते, नाहीतर तिथल्या तिथे झाडला असता. वर ह्यांच्या साहेबांची बायकोही तिथेच उभी! तिच्यासमोर हे सगळं.

रिक्षात आई म्हणाली, मला कायबी वाटलं नाय, तू नको डोकं तापवू. तिला नसेल वाटलं. मला वाटलंय.

९ ऑक्टोबर

शोरूमच्या मॅनेजरला फोन केला. गोड आवाजात विचारतो, "मॅडम, काही पुरावा आहे का? आमचा स्टाफ असं बोलत नाही." म्हणजे मी खोटी. चोराच्या उलट्या बोंबा!

हे म्हणाले, सोडून दे, दुसरीकडे घेऊ. प्रेसमध्ये वीस वर्षं नोटा मोजून ह्यांचं सगळं कसं शांत झालंय. माझं नाही होणार. त्या शोरूमने आईची माफी मागितली पाहिजे. फ्रीज मग कुठूनही येऊ दे.

१४ ऑक्टोबर

पेपरात छोटी जाहिरात. "मिस्टरी शॉपर पाहिजेत. गृहिणींना प्राधान्य." मुंबईची कंपनी आहे. फोन केला. काम असं — साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, नोकर कसे वागतात ते बघायचं आणि फॉर्म भरून पाठवायचा. दुकानाचे मालकच हे करवून घेतात, नोकरांना पत्ता नसतो.

फोनवर स्वराज नावाचा मुलगा होता. नाशिकमधल्या कुठल्या दुकानांचं काम आहे विचारलं. चौथं नाव ऐकलं आणि ताडकन उभी राहिले. तेच शोरूम!

पण आधी दुसऱ्या दुकानांतलं एक तरी काम नीट करून दाखवायचं. आणि नुसता फॉर्म चालत नाही, आवाज रेकॉर्ड करून द्यावा लागतो. रेकॉर्डर स्वतःचा घ्यायचा. डिजिटलच पाहिजे. कॅसेटचा चालत नाही, टेप संपली की खटकन आवाज होतो आणि पितळ उघडं पडतं.

पुरावा पाहिजे ना? देते पुरावा.

१८ ऑक्टोबर

एक रेकॉर्डर घ्यायला चार दुकानं, हे सोबत. मेन रोडला एकाने कॅसेटचाच डिक्टाफोन काढून दिला, बाबा आदमच्या काळातला. दुसऱ्याने स्वस्तातला डिजिटल दाखवला. बरा वाटला, पण त्याला कॉम्प्युटरला जोडायची वायरच नाही. आवाज आत गेला की आतच! मग मुंबईला पाठवायचा कसा, डोंबलाचा? विचारलं तर दुकानदार उत्तर ह्यांना देतो. प्रश्न मी विचारतेय, पैसे माझे, शिवणकामाचे, आणि हा बघतोय ह्यांच्याकडे. "साहेब, भाभीजींना गाणी रेकॉर्ड करायचीत का?" हे आपले मिशीत हसतायत!

शेवटी महात्मा गांधी रोडला मिळाला. खडूच्या डबीएवढा. वायर आहे, बारीक आवाजही पकडतो, सलग सहा तास चालतो. घरी येऊन कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली. स्वतःचा आवाजही ऐकला. मी इतकी चिरकी बोलते?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सणाच्या दिवशी राग नको म्हणून लिहीत नाही. आईच्या घरी फ्रीज नाही, एवढंच.

२८ ऑक्टोबर

पहिलं काम, मोबाईलचं दुकान. फुकट गेलं!

रेकॉर्डरमध्ये एक सोय आहे, कोणी बोलायला लागलं की तो आपोआप सुरू होतो. वाटलं, छान, बॅटरी वाचेल. पण तो जागा होईपर्यंत पहिला शब्द निसटतो. पोरीने मला हसून "नमस्कार" म्हटलं होतं, ते रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. स्वराज म्हणतो, स्वागत केलं नाही असं धरावं लागेल. मी म्हटलं, अरे, मी या कानांनी ऐकलंय. तर म्हणे, कान चालत नाहीत मॅडम, फाईल चालते.

त्या बिचारीचे मार्क गेले. ती सोय कायमची बंद करून टाकली. दुकानाच्या बाहेरच बटण दाबायचं आणि बाहेर पडल्यावरच बंद करायचं.

२ नोव्हेंबर

दुसरं काम, चपलांचं दुकान. सगळं मनासारखं झालं. संध्याकाळी ऐकते तर नुसतं किणकिण, किणकिण! खांद्यावर पर्स, पर्सच्या कप्प्यात रेकॉर्डर, आणि त्याला लागून माझा काचेच्या बांगड्यांनी भरलेला हात. दुकानदार काय बोलला ते त्यालाच माहीत.

स्वराजचा फोन — "मॅडम, बांगड्या काढून जा ना." उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! याच्या आईला सांगून बघावं एकदा.

३ नोव्हेंबर

काढल्या. एका हातातल्याच काढल्या. सासूबाईंनी पाहिल्या. बघता बघता सगळ्या बिल्डिंगला कळलं की उज्वलाने नवरा जिवंत असताना हात मोकळे केले. सासूबाई जेवल्या नाहीत. रेकॉर्डरचं सगळं सांगावं लागलं, तर त्यावर ऐकवलं, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. हेच काम का तुझं?"

मी काय झाकून ठेवलंय? माझं सगळं उघड आहे. बांगड्या भरल्या पुन्हा, काय करणार.

९ नोव्हेंबर

तिसरं काम जमलं. केकचं दुकान. बांगड्यांवर रुमाल गुंडाळला, हात भाजलाय म्हणून सांगितलं. रेकॉर्डरचा लाल दिवा पर्सच्या जाळीतून दिसतो, त्यावर माझी मोठी टिकली चिकटवली. एकदम झाकला गेला! मुंबईच्या साहेबांना सुचलं होतं का हे?

स्वराज म्हणाला, बेस्ट मॅडम. त्याला म्हटलं, आता ते शोरूम दे.

१४ नोव्हेंबर

मिळालं! शनिवारी जायचं. नियम — सोबत घरातलं एक माणूस पाहिजे. दोघांशी कसं वागतात ते बघायचं असतं. नोकर किंवा बाहेरचं कोणी चालत नाही. फॉर्ममध्ये नातं लिहायचं.

घरातलं माणूस! देवच पावला. आईलाच नेते. आणि रेकॉर्डर माझ्याकडे नाही, तिच्या कापडी पिशवीत ठेवते. दर वेळी हात भाजला म्हणून कसं चालेल? बाबा गेल्यापासून आईचे हात मोकळेच आहेत. आवाज स्वच्छ येईल.

हे लिहिताना जरा कसंसंच झालं. पण तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

तिला सांगायचं नाही. सांगितलं तर यायचीच नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आई आली. लिंबाने बोटं घासघासून आली होती. डाग गेले नव्हतेच. रिक्षात विचारते, "तिथं तुझ्या वळखीचं कोणी असलं तर?" म्हटलं, असेना का, आपण काय चोरी करतोय? दाराशी तिची पिशवी सारखी करायच्या निमित्ताने बटण दाबलं.

तोच गोरक्ष. मला "या मॅडम, बसा मॅडम". आईकडे बघितलंही नाही. तिने फ्रीजचं दार उघडायला नुसता हात पुढे केला तर, "मावशी, ओ मावशी, तुम्ही तिकडे स्टुलावर बसा. मॅडमना बघू द्या." शब्द न् शब्द तोच! आतून मी पेटले होते, पण मनात म्हटलं, बोल बाबा, बोल अजून.

मी आईला म्हटलं, ये गं, तू बघ आतले कप्पे. तर ती जागची हलेना. मान हलवून नको म्हणाली. दोन पावलं मागे उभी राहिली आणि मग स्टुलावर जाऊन बसली. घरी दिवसातून दहा वेळा उज्जी उज्जी करणारी बाई, दुकानात मला एकदाही नावाने हाक मारली नाही. रागावली असणार मला, पुन्हा इथेच आणलं म्हणून.

फॉर्मप्रमाणे मला हप्त्यांच्या टेबलावर जाऊन चौकशी करायची होती. ते टेबल दुसऱ्या टोकाला. पंधरा मिनिटं गेली तिथे. आई स्टुलावर, गोरक्षच्या काउंटरजवळ. परत आले तर तिच्या हातात पाण्याचा ग्लास. मी आले तशी उठून उभी राहिली.

घरी सोडताना म्हणाली, "फ्रीज राहू दे उज्जी. कळ्या वल्या फडक्यातबी टिकतात." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. थांब म्हटलं, आता त्यांची वरात काढते की नाही बघ.

२० नोव्हेंबर

सायबर कॅफेत बसून फाईल पाठवली. तास गेला. आवाज इतका स्वच्छ, की आईच्या श्वासासकट ऐकू येतं. चौथ्या मिनिटाला "मावशी, तुम्ही तिकडे बसा". सापडला! फॉर्ममध्ये मिनिट लिहिलं, शब्द लिहिले, अवतरण चिन्हांत. पुढे मी हप्त्यांच्या टेबलावर, तिथलं ऐकलं नाही. गरजच नव्हती.

"सोबतच्या व्यक्तीशी नातं" या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं — आई. आणि शेवटी शेरा, "ग्राहकाचे कपडे व हात बघून अपमान केला जातो. दुकानाने लेखी माफी मागावी." गोरक्षची नोकरी जाईल का? गेली तर गेली. आईचा मान गेला त्याचं काय?

२४ नोव्हेंबर

या स्वराजला काही लाजलज्जा? फोन करून म्हणतो, रिपोर्ट अडकलाय. कारण? "मॅडम, सोबत घरातलं माणूस पाहिजे असा नियम आहे. तुम्ही तर कामवाल्या बाईंना घेऊन गेलात आणि नात्यात आई लिहिलंय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा असा सुटला माझा तोल! म्हटलं, ती माझी आई आहे, कुसाबाई, मला जन्म दिलाय तिने! तूही नऊवारी बघूनच ठरवतोस का रे? मुंबईत बसून तुला दिसलं कसं?

तो शांतपणे म्हणाला, "मी काहीच बघितलं नाही मॅडम. फक्त ऐकलं. चौदावं मिनिट तुम्हीच ऐका." आणि फोन ठेवला.

सगळे एका माळेचे मणी. दुकानदार, मॅनेजर, हा दीडशहाणा. लोकांना माझ्या आईत मोलकरीणच का दिसते? उद्या ऐकते आणि त्याची चांगली हजेरी घेते. सोडणार नाही कोणाला.

२५ नोव्हेंबर

ऐकलं.

गोरक्षचा आवाज. "आजी, पाणी घ्या. त्या मॅडम तुमची लेक आहेत का? चेहरा सारखाच दिसतो."

मग आई. "नाय रे दादा. मी त्यांच्याकडं कामाला हाय. मागल्या टायमाला त्यांनी सांगितलं नव्हतं का तुला?"

"हां, सांगितलं होतं खरं."

"लय शिकलेल्या हायेत. गुणाच्या हायेत. मला कायम बरोबर आणत्यात."

आठ ऑक्टोबरच्या पानावर मी लिहिलंय की मी पलीकडच्या रांगेत होते. नव्हते. आईला खेटून उभी होते, आणि साहेबांची बायको माझ्याकडे बघत होती. गोरक्षने मलाच विचारलं, या तुमच्याकडे कामाला का? मी हो म्हटलं. हात लावू नका हे तो त्यानंतर म्हणाला.