बर्फ पडल्यावरच

विनिपेग, नोव्हेंबर

ती. बाबांना डेल्फीनचा नमस्कार.

मी ठीक आहे, पोटभर जेवते. घरमालकीण भली आहे, फक्त तुम्ही पाठवलेलं शिकारीचं मटण शिजवलं की नाक मुरडते.

आता खरं सांगते, माझं डोकं फिरलंय. गेल्या महिन्यात इतिहासाच्या हॅलोरन सरांनी मला वर्गापुढे उभं केलं. म्हणाले, "तुम्हा क्री आदिवासींची एखादी जुनी गोष्ट सांग, मार्क आहेत." मी म्हटलं, "सर, बर्फ पडल्याशिवाय आमच्यात त्या गोष्टी सांगत नाहीत."

"वा! अभ्यास न करायला छान सबब आहे," सर हसले. सगळा वर्ग खिदळला. मला शून्य मिळालं. आणि मग तासभर शिकवलं काय, तर आमच्या चालीरीतींचा आदर कसा करावा!

आईला शून्याचं सांगू नका, जिवाला लावून घेईल. तिचा खोकला कसा आहे? सरपण भरून झालं का?

काल इथे बर्फ पडला. मी धावत सरांकडे गेले, "आता सांगते." ते म्हणाले, "तो धडा संपला."

मग मधल्या सुट्टीत जेवणाच्या हॉलमध्ये मी बाकावर चढले आणि तुमची अस्वलाची गोष्ट सुरू केली, अगदी तुमच्यासारखी. घंटा झाली तरी एकही पोरगं उठलं नाही. तेवढ्यात सर आले आणि फोन काढून रेकॉर्ड करायला लागले.

मी तिथेच थांबले. पोरांना म्हटलं, "उरलेली उद्या." आणि सरांना म्हटलं, "सर, तो धडा संपला."

तुमचीच तापट,
डेल्फीन