आईचे गरम जाकीट

आसाहिदाके डोंगराच्या पायथ्याची झोपडी,
१४ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.
(स्कीच्या पट्ट्या शेगडीपाशी वाळत घातल्या आहेत.)

प्रिय आईस,

मी आणि माझे दोन शिकाऊ, आम्ही तिघे डोंगरावरून सुखरूप उतरलो. गुडघा कसा आहे?

तू दिलेले बॅटरीचे जाकीट वर नेले नाही, रागावू नकोस. निघण्यापूर्वी आम्ही बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा संकेत पकडणारे यंत्र तपासतो: तसेच दुसरे यंत्र घातलेली पिशवी बर्फात पुरून ती शोधून बघतो. जाकीट चालू असताना त्याच्या विजेमुळे माझे यंत्र भलतीकडेच दाखवू लागले.

शिकाऊंपैकी तेप्पेई हसला, "काय मास्तर, रोज आम्हाला तपासता, आज तुम्हीच नापास!"

जाकीट काढताच पिशवी सापडली.

वर थंडी वाजली, खोटे सांगत नाही. पण बर्फ कोसळला असता, तर या दोघांना मीच शोधायचे होते. त्यांच्याही आया वाट पाहतात.

आता तेच घालून बसलो आहे. तेप्पेई मागतो आहे, देत नाही.

तुझा,
सोसुके